फ्लोटची वाकडी जीभ

मित्रांनो, राज्यं आली आणि गेली, रस्ते डांबराचे झाले आणि पुन्हा खड्ड्यांचे झाले. पण मोटारीने किती पेट्रोल प्यायचं, हे शेवटी मीच ठरवत आलो आहे. माझ्या मर्जीशिवाय भल्याभल्या इंजिनांना घोटभरही मिळत नाही. हे ऐकून कुणी आदराने उभं राहिलं असेल, तर बसून घ्या. मी लिंबाएवढा आहे, आतून पोकळ आहे, आणि माझं सगळं कर्तृत्व म्हणजे तरंगणं.

मी एक जुना पितळी फ्लोट आहे. तुमच्या पाण्याच्या टाकीत एक गोळा तरंगतो ना, तो माझा चुलतभाऊ. टाकी भरली की तो वर येतो आणि नळ बंद करतो. मी तेच काम कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या, भांड्यात करतो. पेट्रोल चढलं की मी चढतो. माझ्या मागे एक छोटी पट्टी आहे, तिला जीभ म्हणतात. ती एका सुईला वर ढकलते आणि सुई पेट्रोलची वाट बंद करते. बस्स, एवढंच.

कारखान्यात दोन वाट्या समोरासमोर जोडून मला बनवलं. एका कामगार बाईंनी मला गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहिलं. आले नाहीत. "पास," त्या म्हणाल्या. आयुष्यात मी दिलेली ही एकच परीक्षा. त्यामुळे माझा निकाल शंभर टक्के आहे.

पुढे मी ज्या मोटारीत बसलो, ती दोन बहिणींच्या वडिलांची. वडील गेले, मोटार राहिली. आता थोरली अठ्ठ्याहत्तरची, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. धाकटी सत्तरीची, तरी थोरलीच्या तोंडी अजून छकुलीच. दर रविवारी दोघी तळ्यापर्यंत जाऊन येत. छकुली हातांनी गाडी चालवी आणि थोरली शेजारी बसून तोंडाने.

तीस वर्षांपूर्वी मला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं आणि मी पेट्रोल पिऊ लागलो. तेव्हाच्या वस्तादांनी मला वाळवून भोकावर शिशाचा डाग दिला. वस्तादांचा हात सढळ. जिथे मोहरी पुरली असती तिथे हरभरा बसला. मग त्यांनी मला भांड्यात बसवलं, गाडी चालू केली, नाक वर करून वास घेतला, पुन्हा काढलं आणि पक्कडीने माझी जीभ किंचित वाकवली. असं तीनदा झालं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला कळलं नाही. वस्ताद बोलत नसत. पण पुढची तीस वर्षं कुणाची तक्रार नव्हती.

वस्ताद गेले. त्यांचा शिष्य आता स्वतःच केस पिकलेला मेकॅनिक आहे. गेल्या महिन्यात त्याने साफसफाईसाठी मला बाहेर काढलं आणि माझी जीभ पाहून चुकचुकला. "म्हातारपणी हात हलला असणार वस्तादांचा," म्हणत त्याने मोटारीचं पुस्तक उघडलं, मोजपट्टी लावली आणि जीभ पुस्तकात होती तशी सरळ केली. मला फार बरं वाटलं. सरळ झाल्यावर सगळ्यांनाच वाटतं.

पहिल्याच रविवारी मागून काळा धूर. दुसऱ्या रविवारी पेट्रोलचा असा भपकारा, की थोरली अर्ध्या वाटेत उतरली.

"छकुले, मी बसने येते."

"ताई, अगं थोडं राहिलंय!"

"तळं की मी?"

तिसऱ्या रविवारी थोरली आलीच नाही. छकुली एकटी निघाली आणि कोपऱ्यावरूनच परतली. शेजारून कुणी "ब्रेक! ब्रेक!" ओरडत नसेल, तर तिला गाडी चालवल्यासारखं वाटेना. "ताई नाही, तर मला ही गाडीही नको," ती मेकॅनिकला म्हणाली. तो हत्यारं घेऊन बहिणींच्या घरच्या गॅरेजमध्ये हजर झाला.

प्लग काढला, तो काजळाच्या डबीतून काढल्यासारखा. "पेट्रोल जास्त, हवा कमी," मेकॅनिक म्हणाला. मग आरोपी शोधणं सुरू झालं. हवा अडवणारा चोक पूर्ण उघडत होता. हवेची जाळी स्वच्छ होती. पेट्रोल सोडणारा जेट योग्य मापाचा होता. सुई ठीक होती. मग माझी पाळी. त्याने मला कानाशी धरून गदागदा हलवलं. आत पेट्रोल नाही. मोजपट्टी लावली. माप बरोबर. पुन्हा कानाशी, पुन्हा गदागदा.

"सगळं बरोबर आहे, म्हणजे आख्खा कार्बोरेटर बदलावा लागणार," त्याने निकाल दिला आणि मला भंगाराच्या डब्याच्या काठावर ठेवलं. आत एक मेलेला बल्ब माझी वाट पाहत होता.

"सगळं बरोबर, तर वास कशाचा येतो रे?" दारातून आवाज आला. थोरली! नाकावर रुमाल आणि हातात भिंग.

"बाई, तुम्ही कशाला आलात इथे?"

"वासामागे आले. दाखव तो गोळा."

तिने मला भिंगाखाली फिरवलं. इतक्या जवळून मला कुणी पाहिलं नव्हतं.

"या दोन रेघा कसल्या?"

"पेट्रोलचे डाग, बाई. जिथपर्यंत बुडतो तिथे रेघ पडते."

"मग दोन कशा? एक खाली फिकट, एक वर गडद. आधी हा कमी बुडायचा, आता जास्त बुडतो. वजन वाढलंय याचं. हे काय चिकटवलंय?"

"वस्तादांचा डाग आहे. तीस वर्षं टिकलाय!"

"टिकला ना. पण जड गोळा खोल बसणार. तो सुई बंद करेपर्यंत पेट्रोल जास्त चढणार. पुस्तकातलं माप कुठल्या गोळ्याचं? नव्या, हलक्या. तरंगण्याच्या धड्याला तू गैरहजर होतास, मला आठवतंय."

"कांजण्या आल्या होत्या, बाई."

"ताई, पण मग तीस वर्षं वास का नव्हता?" छकुलीने विचारलं.

मेकॅनिकने हातातली मोजपट्टी खाली ठेवली. "जीभ वाकडी होती," तो हळूच म्हणाला. "म्हणजे सुई लवकर बंद व्हायची. वस्तादांनी मुद्दाम वाकवली होती. मी सरळ केली." मग स्वतःचा कान पकडून म्हणाला, "आणि वर त्यांचा हात हलला म्हणालो."

तीस वर्षं ती वाकडी जीभ माझ्याच अंगाला होती, पण तिचा अर्थ मला त्या दुपारी कळला.

त्याने पक्कड घेतली. किंचित वाकवलं, बसवलं, गाडी चालू केली, नाक वर केलं. पुन्हा काढलं. अगदी वस्तादांसारखं, तीनदा. शेवटी नवा प्लग लावून गाडी फिरवून आणली. काढून पाहिला तर बिस्किटाच्या रंगाचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा आता बरोबर. थोरली पुढच्या सीटवर जाऊन बसली. लांब श्वास घेतला.

"चल," ती म्हणाली. "आणि ब्रेक सांभाळून."

छकुलीने गाडी चालू केली आणि ती हलायच्या आधीच "ब्रेक!" ऐकून खुदकन हसली.

तेव्हा मित्रांनो, कुणी वाकडं दिसलं तर लगेच सरळ करायला धावू नका. आधी विचारा, ते कुणी वाकवलं आणि कशासाठी. जुन्या वस्तूंची काळजी घ्यायची म्हणजे त्या नुसत्या पुसायच्या नाहीत, वाचायच्या. मला उघडा, भिंगातून बघा, बुडवा, मोजा.

फक्त कानाशी धरून हलवू नका. मला चक्कर येते.