घासून गुळगुळीत झालेली रायफल

मुलीचा फोन आला आणि फुंकरच्या घरात आनंदाला नुसतं उधाण आलं. दुपारच्या गाडीने ती बाळाला घेऊन निघाली होती. नातू रांगायला लागला तरी आजोळचा उंबरा त्याने पाहिला नव्हता, कारण आईची एकच अट होती: भिंतीवरची रायफल आधी घराबाहेर गेली पाहिजे. रायफल दिसली तर ती आल्या पावली परत फिरणार होती. हट्टाला ती बापाच्याच वळणावर गेली होती.

फुंकर वाद्यं दुरुस्त करायचा. पुढच्या खोलीत त्याचं दुकान. चेपलेले ट्रम्पेट, गळके सॅक्सोफोन, सगळे आजारी यायचे आणि गात घरी जायचे. नळी दिसली की तोंडाला लावायची, या खोडीवरून बाजाराने त्याचं हे नाव पाडलं होतं.

रायफल त्याच्या वडिलांची, वनरक्षकाची. वडिलांनी जन्मात ती झाडली नाही. झाडायची वेळ येऊ नये म्हणूनच ती खांद्यावर असते, असं ते म्हणायचे. देवमाणूस. त्यांच्यामागे परवाना लेकाच्या नावावर झाला आणि ती इथे भिंतीवर आली. विकायची म्हटलं की फुंकर विषय बदलायचा. पण आज नातवाच्या ओढीने त्याने मन घट्ट केलं होतं आणि शस्त्रांच्या दुकानदाराला घरी बोलावलं होतं.

घरात लगीनघाई. बायको चादरी बदलत होती, फुंकर मधूनच रस्त्यावर डोकावून येत होता. तेवढ्यात दुकानदार आला. त्याने रायफल रिकामी असल्याची खात्री केली, नळीमागचा बोल्ट ओढून काढला, नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि बघतच राहिला.

“काका, हिच्या आत काय केलंत?”

फुंकरने छाती फुगवून सांगितलं. वडील भले, पण निष्काळजी. नळीला आतून पार वेटोळे ओरखडे पडू दिलेले. कुठल्या कारागिराला बघवेल? मग दर सुट्टीला त्याने गजाला पॉलिश कागद गुंडाळला आणि वर्षानुवर्षं घासून नळी ट्रम्पेटसारखी लख्ख केली.

दुकानदार मटकन स्टुलावर बसला. हसावं की रडावं त्याला कळेना. ते ओरखडे नव्हते, रायफलचा जीवच त्या खाचांत असतो, असं त्याने समजावलं. त्यांच्यामुळे गोळी फिरत, सरळ जाते. आता ही नळी कुणी घेणार नाही. फार तर सुटे भाग म्हणून तो घेऊन जाईल आणि नळी कापून टाकेल.

बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, यांच्या हाती वाघ दिला तर त्याचीही नखं काढून पॉलिश करतील.

फुंकरला मात्र आभाळ ठेंगणं झालं. कापायची कशाला? देवानेच वाट काढली. ही बंदूक राहिलीच नाही, मग लेकीची हरकत कसली? राहू दे बापाची आठवण भिंतीवर. तो रायफल उचलून पुन्हा टांगायला निघालासुद्धा.

बायकोचं हसू थांबलं.

“अहो, तुमच्या नातवाला आतल्या खाचा दिसणार आहेत का? त्याला बंदूकच दिसणार.”

फुंकरचा हात वरच्या वर राहिला. रांगतं पोर या भिंतीखाली येईल, मान वर करेल, हात पुढे करेल. आपण हसून ती खाली काढून दाखवू, हेही त्याला ठाऊक होतं. आणि मग ते पोर जगातल्या प्रत्येक बंदुकीकडे तसाच हात पुढे करेल.

बाहेर रिक्षा थांबली. त्याने रायफल कापडात गुंडाळली, तिला एकदा कपाळ टेकवलं आणि दुकानदाराच्या हातात दिली.

“परवान्याचं काय ते सगळं तुम्हीच बघा. मागच्या दाराने जा. लवकर!”

लेक आत आली. आधी तिची नजर भिंतीकडे गेली. रिकाम्या जागेकडे ती क्षणभर बघत राहिली, मग तिने बाळ बापाच्या हातात दिलं. बाळाने आजोबांची मिशी मुठीत धरली ती सोडेना. फुंकरच्या डोळ्यांना धारा लागल्या, त्या मिशीमुळे की कशामुळे, देव जाणे.

“खिळे राहिलेत गं,” तो नाक ओढत म्हणाला. “उद्या उपटतो.”

“आत्ता,” मायलेकी एकदमच म्हणाल्या.