रविवारची नळी

“खरं सांगा काका, नळी घातलीत ना?” तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

एरवी हे क्रेनच्या केबिनमधून खालच्या माणसांवर तोंडाचा पट्टा सोडतील, पण डॉक्टरांसमोर दातखीळ बसते.

“घातली,” शेवटी पुटपुटले. “रविवार होता.”

क्रेनच्या शिडीवरून पाय निसटून हे खालच्या लोखंडी दांड्यावर दोन्ही पाय फाकून आपटले, तेव्हापासून यांची लघवीची वाट आतून आवळत गेली. कापून मोकळी केली की जखम भरताना पुन्हा व्रण धरायचा आणि वाट आणखी अरुंद व्हायची. ती बुजू नये म्हणून दर रविवारी अंघोळीआधी हे स्वतःच बारीक नळी आत सरकवायचे. ओठ चावून, पण एकही रविवार न चुकवता.

मग या बाई भेटल्या. व्रण कापायचा आणि यांच्याच रक्तातून काढलेलं, जखम भरणारं द्रव्य तिथे टोचायचं, म्हणजे नवी कातडी मऊ येण्याची आशा. “हमी नाही,” त्या म्हणाल्या होत्या, “पण या जागेला आता एवढीच संधी आहे. मी सांगेपर्यंत आत काही घालायचं नाही.”

सुरुवातीला धार सुटली तेव्हा हे लहान मुलासारखे हरखले. मुकादमाला फोन करून बजावलं, “माझी केबिन कुणाला देऊ नका.” नंतर धार बारीक झाली. ते मात्र यांनी कुणाला सांगितलं नाही. रविवारी मी बाजारातून आले तर न्हाणीघराच्या फरशीवर रक्त, आणि हे भिंतीला टेकून बसलेले.

“धार बारीक झाली ती सुजेमुळे हो,” बाई म्हणाल्या. “आपोआप उतरली असती.”

“म्हणजे बरा झालो असतो?”

“कदाचित.”

नाही म्हणाल्या असत्या तर उपकार मानून मी त्यांचे पाय धरले असते.

“पुन्हा टोचता येईल?” मी विचारलं.

“तिथे आता टोचण्याजोगं काही उरलं नाही, काकू.”

मला यांचा भयंकर राग आला. आयुष्यात एकदाच आळस करायचा होता, तोही या माणसाला जमला नाही.

लघवीसाठी पोटातूनच नळी बाहेर काढली आणि तिची पिशवी मांडीला बांधली. असल्या माणसाला शिडी चढू देत नाहीत. घरी येताना रिक्षातूनच यांनी मुकादमाला फोन लावला. “केबिन त्या नव्याला द्या. ब्रेक जरा उशिरा धरतो तो, लक्ष ठेवा.” फोन खिशात टाकला आणि बाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर न्हाणीघरात गेले.

“येऊ का मदतीला?”

“काही नको.”

पिशवीची तोटी उघडली असावी. जाड, भरघोस धार पडल्याचा आवाज आला. इतकी वर्षं हा आवाज यावा म्हणून मी दाराबाहेर जीव मुठीत धरून उभी राहायची. मी स्वयंपाकघरात गेले आणि मोरीतला नळ मोठा सोडला.