ट्रायल रूमची कडी

आमच्या दुकानाला एक स्टार देऊन कोणीतरी लिहिलं होतं, 'बाई उद्धट. माल बदलतात. ट्रायल रूमची कडी लागत नाही.' लिहिणाऱ्याचं नाव नाही, फक्त एका पिवळ्या फुलाचा फोटो.

उद्धट म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. राग माझ्या नाकावर असतो, हे माझी आईसुद्धा सांगेल. पण कडी? ती मोडून जेमतेम दोन दिवस झाले होते आणि त्या दोन दिवसांत ट्रायल रूममध्ये एकही गिऱ्हाईक गेलं नव्हतं. हे दोघींनाच ठाऊक होतं, मला आणि माझ्या धाकट्या जावेला. तिथेच मनात पाल चुकचुकली.

दुकान आम्हा दोघींचं, निम्मं निम्मं. कपडे घट्ट-सैल करायचे, पँटची उंची कमी करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, चेन बसवायची. मी मापं घेते, कापते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. धाकटी शिवते. तिच्या हातच्या काजांसाठी लोक दोन बस बदलून येतात. सहा वर्षं बरं चाललं होतं. मग आठ दिवसांत तसेच आणखी दोन रिव्ह्यू आले आणि पानावर सगळ्यात वर जाऊन बसले. नवीन माणूस दारापर्यंत यायचा, फोनमध्ये बघायचा आणि पुढे जायचा. असंच राहिलं तर वर्षभरात कुलूप लागणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आपल्याच दुकानावर कोण कुऱ्हाड चालवेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण धाकट्या दिरांना याच जागेत मोबाइलचं दुकान टाकायचं होतं, हे मी विसरले नव्हते. शिवाय धाकटी हल्ली सारखी फोनमध्ये असायची आणि मी जवळ गेले की तो उपडा ठेवायची.

"काय बघतेस गं एवढं?"

"काही नाही ताई. असंच."

'असंच' म्हणणाऱ्या माणसावर मी कधीच विश्वास ठेवलेला नाही. मी सापळा लावायचं ठरवलं. तिला एकटीला एक खोटी गोष्ट सांगायची आणि ती रिव्ह्यूमध्ये येते का, ते बघायचं. दुपारी चहा घेताना मी आवाज खाली करून म्हटलं, "नवीन मशीन तेल गाळतंय. कुणाला बोलू नकोस हं."

मशीनला काही झालं नव्हतं. तेल माझ्या डोक्यातून निघालं होतं.

"हो, मलाही तसं वाटत होतं," ती म्हणाली. म्हणजे माझ्या थापेलाही हिचा होकार. किती गोड बोलते बाई, असं मनात म्हणत मी चहा संपवला.

चौथ्या दिवशी रिव्ह्यू आला. दोन स्टार. 'शिवण छान, पण पांढऱ्या शर्टावर तेलाचे डाग पडले.'

मी फोन तिच्यासमोर मशीनवर ठेवला. "हे तेल फक्त तुला माहीत होतं."

तिने वाचलं. "ताई, हा शर्ट परवाच गेलाय आपल्याकडून. त्या बाई खरंच—"

"मशीन गळत नाही. ती थाप होती, तुला पकडायला मारलेली. आता बोल."

रडली असती, भांडली असती, तर मला सोपं गेलं असतं. तिने गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, खणात ठेवली आणि चप्पल घालून निघून गेली. चोराच्या मनात चांदणं, मी मोठ्याने म्हटलं. ऐकायला दुकानात कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच होते. अकराच्या सुमारास दुकानाच्या पत्त्यावर मेल आला. 'तुमच्या तक्रारीनुसार तीन रिव्ह्यू काढून टाकले आहेत.' मी कसली तक्रार केली होती? खाली मूळ तक्रार जोडलेली होती आणि तिच्याखाली धाकटीचं नाव. तिने तीन आठवड्यांत अकरा वेळा लिहिलं होतं. सोबत एकतीस दुकानांच्या पानांचे फोटो. सगळीकडे तीच फुलं, तेच शब्द. चष्म्यांच्या दुकानात बाई उद्धट होती, किल्ल्या बनवणाऱ्याकडे माल बदलत होते आणि बेकरीच्या ट्रायल रूमची कडी लागत नव्हती.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. कोणीतरी अंधारात दगड मारत सुटलं होतं, त्यातला एक नेमका माझ्या मोडक्या कडीवर लागला होता.

मग तेल? मी मशीन तिरकं करून उचललं. खाली एक जुनं फडकं चौघडी करून नीट सरकवलेलं होतं. धाकटीनेच ठेवलं असणार, अशी घडी तीच घालते. ते तेलाने ओलंचिंब होतं. मी थाप मारली, तेव्हाही मशीन गळतच होतं. मला तेवढं बघायचंही सुचलं नव्हतं.

मी दुकान बंद करून तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. "चुकलं माझं," मी म्हटलं. एवढे दोन शब्द मी आयुष्यात फार जणांना दिलेले नाहीत.

"फोन का लपवायचीस?" हेही विचारलंच. स्वभावाला औषध नाही.

"रिव्ह्यू बघून तुम्हाला रात्रभर झोप यायची नाही. म्हटलं, तक्रारीचं ते निघाले की सांगू."

सोमवारी ती आली. निम्मं दुकान तिचं आहे. तिने टेप गळ्यात घातली आणि त्या पांढऱ्या शर्टवाल्या बाईंना फोन करून डाग काढून देते म्हणून सांगितलं. काजं पूर्वीसारखीच सुरेख होतात. आम्ही बोलतो, हसतोसुद्धा. गिऱ्हाइकं परत येऊ लागली आहेत.

आज सकाळी मी कापताकापता म्हटलं, "काळा दोरा संपलाय गं."

ती उठली, खण उघडला, आत हात घालून सगळी रिळं बघितली.

"हो," ती म्हणाली, "संपलाय."