अर्धी मोजलेली लाट

लाटांपासून वीज काढण्यात बाईंची अकरा वर्षं गेली होती. संशोधन केंद्रात त्यांना सगळे मागून 'मोजपट्टी' म्हणत, कारण चहातली साखरसुद्धा त्या डोळे बारीक करून घालत. आणि या मोजपट्टीनंच माप चुकवलं.

दुपारी वाऱ्याचा जोर वाढला. किनाऱ्यापासून दूर, साखळीनं बांधलेल्या वीजतराफ्यावर त्यांचा नवरा एकटाच गळका पंप दुरुस्त करत होता. तो केंद्राचाच फिटर. पडद्यावर लाट तीन मीटर दिसत होती. तराफा चार मीटरपर्यंत टिकतो, हे बाईंनीच केंद्राच्या हौदात छोटा तराफा हेलकावून ठरवलेलं. तरी खिडकीतून बघताना समुद्र त्यांना तीनपेक्षा मोठा वाटला. गेल्या महिन्यात बसवलेल्या नव्या लाटमापकाचं माहितीपत्रक त्यांनी काढलं.

दुसऱ्याच पानावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हौदात त्या लाट मोजत ती खालच्या खळग्यापासून माथ्यापर्यंत. नवा मापक मोजत होता शांत पाण्याच्या पातळीपासून वर, म्हणजे अर्धीच. पडद्यावरचे तीन म्हणजे समुद्रातले सहा. असली चूक नवख्याच्या हातून होत नाही. नवखा माहितीपत्रक आधी वाचतो.

सहाच्या लाटेत नवऱ्याला आणायला जायला केंद्राच्या बोटवाल्यानं साफ नकार दिला, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. बंदराचं मोठं जहाज निघालं, पण त्याला तीन तास लागणार होते. बाईंनी फोन उचलला. त्याची तार साखळीला धरूनच तराफ्यापर्यंत गेलेली होती.

"साखळी सोड," त्या म्हणाल्या. "बांधलेला तराफा उलटेल. मोकळा तरंगत राहील, हौदात बघितलंय मी."

"अगं, वाहून गेला तर तुझी अकरा वर्षं पाण्यात."

"लाट सहाची आहे. माझा आकडा चुकलाय. सोड."

 

"तारही तुटेल. मग बोलता यायचं नाही," तो म्हणाला.

"माहितीये मला."

खळ्ळकन आवाज झाला आणि फोन बंद पडला. त्यानं साखळी सोडली, की त्याआधीच तराफा उलटला? दोन्हींत फोन असाच बंद पडणार होता. बाई रिसीव्हर कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या.