पाळणाघरातला अर्धा दरवाजा

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. उंचीने मी जेमतेम कमरेएवढा, म्हणून सगळे मला अर्धा दरवाजा म्हणतात. बारामतीच्या एका पाळणाघरात, पोरांची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये मी उभा असतो. बावड्याच्या बादशाह मिस्त्रींनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. रांगती पोरं गॅसजवळ जाऊ नयेत, एवढंच माझं काम. दूध तापवून झालं की पोरं सांभाळणाऱ्या अनिसामावशी मला उघडायच्या आणि पोरं त्यांच्या ओढणीला लोंबकळायची. आईबाप मला हात लावून म्हणायचे, "हे बरं केलं." तेव्हा माझी छाती फुगायची.

पुढे जागेचं भाडं वाढलं. बहुतेक पोरांच्या आया शिलाईच्या कारखान्यात कामाला. फी वाढवली तर पोरं जातील, अशी पाळणाघर चालवणाऱ्या राजलक्ष्मीताईंना भीती. मग त्यांनी सर्वांत मोठा खर्च काढून टाकला. तो खर्च म्हणजे अनिसामावशी.

तेव्हापासून मी दिवसभर बंद राहू लागलो. ताई एकट्याच रांधायच्या, फोन घ्यायच्या, आणि पोरं माझ्यामागे. मावशींचं काम माझ्यावर आलं. पण मला ना हात, ना मांडी. सुरुवातीला पोरं माझ्या पट्ट्या धरून रडायची. मग रडेनाशी झाली.

एके दुपारी वरकुट्याहून म्हाळसाआजी नातवाला न्यायला अचानक आल्या. दोन वर्षांचा अविराज ओल्या चड्डीत मला चिकटून उभा होता. आजीला पाहून तो हसला नाही, रडलाही नाही.

"ह्यो आवाज का करंना?"

"गुणी हाय हो," ताई म्हणाल्या.

"गुणी न्हाय, बाई. वरडून कुणी येत न्हाय, हे कळलंय त्याला. आमी करडं बी अशी दिसभर कोंडत न्हाय."

ताईंची मान खाली गेली. आणि मी? मला तर तोंड लपवायलाही जागा नव्हती.

संध्याकाळी ताईंनी आयांना थांबवून घेतलं. "इतके दिस सगळी पोरं मी एकटीच बघत होते. तुमाला सांगितलं न्हाय. अनिसाला परत बोलावते, पण फी वाढवावी लागंल."

आजीकडून कळून आलेली अविराजची आई रेश्मा म्हणाली, "आमचा पगार कुठं वाढलाय, ताई?" मग म्हणाली, "देते. कशीबी देते." दुसऱ्या दोन आयांनी मात्र पोरं काढून नेली. त्यांना मी कोणत्या तोंडाने दोष देऊ?

मावशी आल्या आणि आल्या आल्या त्यांनी मला सताड उघडलं. "या रं माझ्या राजांनो!" पोरं धावली. अविराज मात्र आतच उभा राहिला. वाट मोकळी होती, तरी त्याने पाऊल टाकलं नाही. मावशींनी त्याला ओढलं नाही. त्या तिथेच फरशीवर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने त्याने एक पाय बाहेर टाकला आणि आधी ताईंकडे भीत भीत पाहिलं. ताईंना ती नजर सोसली नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मित्रांनो, मला जरूर लावा, पण लावून निघून जाऊ नका. मी पोरांना अडवू शकतो; कडेवर घेऊ शकत नाही.