डावीकडचा ढीग

"त्यांना म्हणावं, ढिगात काही सापडायचं नाही," ताई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दारात सामानाचा ट्रक उभा होता. मागचा ढीग उपसायला आलेल्या कंपनीला आमच्या गल्लीची जागा हवी होती, आणि बाकीची घरं कधीच रिकामी झाली होती. आमच्या एका घरापायी सगळे खोळंबले होते. ताईची समजूत घालून घालून माझं तोंड दुखायला लागलं होतं. मी तिची धाकटी बहीण, सत्तरी ओलांडलेली. तरी तिच्या लेखी अजून मला काही कळत नाही.

आमच्या घरामागे डोंगरासारखा दिसतो तो डोंगर नव्हे. पूर्वी इथल्या खाणीतून तांब्याचा दगड निघायचा, आणि त्यात काळा, जड दगड मिसळलेला असायचा. सरकत्या पट्ट्यापाशी बायका ओळीने बसायच्या आणि धान्यातले खडे वेचावेत तसा तो काळा दगड वेचून डावीकडे टाकायच्या. त्या टाकाऊ दगडांचा हा ढीग. आई गेल्यावर ताई पट्ट्यावर बसली, ती खाण बंद पडेपर्यंत. माझी शाळा, माझं लग्न, सगळं त्या मजुरीवर झालं. नखांतला काळेपणा कधी गेला नाही. माझ्या लग्नाच्या फोटोत सगळ्यांचे हात दिसतात, ताईचे तेवढे पाठीमागे आहेत.

मुकादम फार कडक होता. चांगला दगड डावीकडे गेला तर मी चोरी समजेन, असं तो रोज बजावायचा. तो जाऊन किती काळ लोटला, पण ताईच्या मनातून ते काही गेलं नाही. म्हणून यंत्रांनी ढीग उकरायला सुरुवात केली तेव्हा तिने एकच अर्थ काढला: आपली चूक शोधताहेत.

कंपनीची इंजिनीअर, नातीच्या वयाची पोरगी, दोनदा येऊन सांगून गेली होती. उन्हाची आणि वाऱ्याची वीज साठवायला मोठाल्या बॅटऱ्या लागतात आणि त्यांना हा काळा दगड लागतो. कोळसा नको, धूर नको. "धूर नको, मग एवढी धूळ कशाला?" असं ताईने विचारलं, तेव्हा ती बिचारी ओशाळली होती.

आज ती पुन्हा आली. ताईने मान वळवली.

"खरं सांग पोरी. किती निघाला?"

"काय, आजी?"

"चांगला माल. माझ्या हातून गेलेला."

पोरगी क्षणभर गोंधळली, मग कॉटशेजारी खालीच बसली.

"आजी, तांबं आम्ही शोधतच नाही. आम्हाला काळाच हवा. दुसऱ्या खाणींचे ढीग बघितले, पण सगळे मिसळलेले. ते निवडत बसणं परवडत नाही. इथे निवडायला काही उरलेलंच नाही, म्हणून तर आलो."

मी ताईकडे बघायचं टाळलं. तिचा हात थोडा ढिला असता, तर आज घर राहिलं असतं. हे माझ्या ध्यानात आलं तसं तिच्याही आलं असेल का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

"म्हणजे चुकले नव्हते," ताई म्हणाली.

"नाही, आजी."

ताईने माझ्यापुढे हात केला. "उठव मला. ती बिछान्याची वळकटी आधी बांध, नाहीतर सगळ्यात शेवटी राहील."

सामान भरायला फार वेळ लागला नाही. ट्रकच्या पुढच्या सीटवर ताईला बसवायचं होतं. ढिगावरून भरून निघालेल्या गाडीतून पडलेला एक काळा दगड वाटेत होता. ती वाकली. मी धरेपर्यंत तिने तो उचललाही होता. दगड घेतलेला डावा हात टाकायला आपसूक मागे गेला, आणि तिथेच थांबला.

मग तिने दगड उजव्या हातात घेतला. तो मांडीवर ठेवून ती ट्रकमध्ये बसली, दोन्ही हात समोर घेऊन.