आत्याचा उजवा हात

टिकलीची आत्या शिवणकाम करायची. करायची म्हणजे, दोन वर्षांपूर्वीपर्यंत! मग मेंदूत काहीतरी बिघडलं आणि हातापायांचा ताळमेळच गेला. सुईत दोरा ओवायला जावं तर हात भलतीकडेच पळायचा. डॉक्टरांनी तिचं नाव एका अभ्यासात घातलं. डोक्याच्या मागे, लहान मेंदूवर, दहा दिवस चुंबकाचे झटके. निम्म्या पेशंटना झटके देणारी खरी कॉइल, निम्म्यांना नुसती टकटक करणारी खोटी. कोणाला कोणती, ते बंद पाकिटात. हात सुधारला नाही तर शिवणाचं दुकान विकायचं, असं आत्यानं ठरवूनच टाकलं होतं.

दहाव्या दिवशी मशीनवाल्या दादानं कॉइल बाजूला केली आणि छापील भोवऱ्याचा कागद पुढे ठेवला. दोन रेघांच्या मधून, एकाही रेघेला न शिवता पेन फिरवायचं.

एकदाही शिवलं नाही!

"आत्या! कसलं भारी!" टिकलीनं टुणकन उडीच मारली.

"आरडू नकोस, दवाखाना आहे," आत्या म्हणाली. डोळे मात्र भरले होते.

दादानं पाकीट फोडलं आणि त्याचा चेहरा उतरला. "तुम्हाला खोटी कॉइल होती. दहाही दिवस."

"मग काय, भूत शिरलं हातात?" टिकली खिदळली.

आत्याच्या हातातलं पेन अजून फिरत होतं. कागद संपला, तसं टेबलावर.

"टिकले," आत्या हळूच म्हणाली, "मी फिरवायचं केव्हाच थांबवलंय गं."

टिकलीनं आत्याचं मनगट धरलं. हात तिलाच सोबत घेऊन फिरू लागला.

"डॉक्टरांना बोलावतो, थांबवतील ते," म्हणत दादा बाहेर धावला.

"आणि परत भरकटायला लागला तर? दुकान नाही विकायचं मला," आत्या म्हणाली. "चल, धर मला. निघू."

दुकानात उजवा हात आपणहून मापाच्या टेपकडे गेला. टिकलीचे खांदे, बाही, सगळं अचूक! आत्या रडत-हसत आकडे सांगत होती, टिकली लिहीत होती. मग गळा. साडेबारा इंच.

"लिहिलं. झालं ना?"

हातानं गळा पुन्हा मोजला. साडेबारा. पुन्हा मोजला. बारा.

"आत्या, घट्ट होतंय गं."

"थांब, सोडवते." आत्या डाव्या हातानं टेपचं टोक पकडायला गेली. डावा अजून भरकटायचाच; टिकलीच्या कानाला लागला, मग खांद्याला, मग नुसताच हवेत. टोक काही सापडेना.